काळ्या दगडावरची रेघ

एखादी गोष्ट पक्की आहे, आता काही केल्या बदलणार नाही असं सांगायचं असलं की आपण "काळ्या दगडावरची रेघ" म्हणतो. म्हणजे एकदा दगडावर कोरलं की विषय संपला.

आता एक उदाहरण बघा. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात एका राजाच्या मनात आलं की आपलं म्हणणं कायमचं टिकलं पाहिजे. कापड कुजतं, ताडपत्राला कसर लागते. म्हणून त्याने ते दगडावर कोरून घेतलं, आणि हे चिरकाळ टिकावं म्हणून कोरलंय असं त्या मजकुरातच लिहून ठेवलं. बरं, एकाच ठिकाणी नाही. अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत आणि गुजरातेपासून ओडिशापर्यंत, बऱ्याच ठिकाणी तोच मजकूर. लोकांना कळावा म्हणून संस्कृतात नाही, तर प्राकृतात. कंदाहारला ग्रीक आणि अरामी बोलणारे लोक होते, तर तिथे ग्रीक आणि अरामी. थोडक्यात बॅकअप, रिप्लिकेशन, लोकलायझेशन, सगळं चोख. आजचा कुठलाही आर्किटेक्ट खूश झाला असता.

दगड टिकला. रेघही टिकली. पण ती वाचू शकेल असा माणूस मात्र देशात एकही उरला नाही! राजाचं नाव पुराणांतल्या मौर्यांच्या यादीत राहिलं, श्रीलंकेतल्या बौद्ध ग्रंथांत राहिलं, पण ते नाव आणि हे दगड यांचा काही संबंध आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. राजा म्हणजे अर्थातच अशोक. ज्याचे चार सिंह आपल्या प्रत्येक नोटेवर आणि पासपोर्टवर आहेत, तोच.

हा अशोक आपल्याला परत कसा मिळाला ही गोष्ट शाळेत एका ओळीत उरकतात : "जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली." परीक्षेला दोन मार्क. पण त्या एका ओळीमागे एक अख्खी संस्था आहे, कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी. आणि "ज्ञान जपणं" म्हणजे नक्की काय करायचं असतं, हे त्या संस्थेच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांकडे बघून जितकं कळतं तितकं क्वचितच कुठे कळत असेल.

बेचाळीस चाकांचा गाडा

थोडं मागे जाऊ. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाला हरियाणातल्या टोपरा गावी एक प्रचंड दगडी खांब दिसला. तो आवडला म्हणून त्याने उचलून दिल्लीला आणला. खांब कापसाच्या ढिगावर अलगद आडवा केला, मग ४२ चाकांच्या गाड्यावर चढवला, हजारो माणसांनी तो ओढत यमुनेपर्यंत नेला आणि तिथून नावांवर घालून दिल्लीला. तिथे आपल्या कोटल्यात उभा केला. आजही तो तिथे आहे.

खांबावर अक्षरं होती. बादशहाने पंडितांना बोलावलं आणि विचारलं, काय लिहिलंय? कुणालाच काही कळेना. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणे, की फिरोज नावाचा थोर राजा येईपर्यंत हा खांब कुणाला हलवता येणार नाही, असं त्यावर लिहिलंय! (क्लायंटला ऐकायला आवडेल तेच सांगायची आपली परंपरा किती जुनी आहे बघा.)

पुढे सतराव्या शतकात टॉमस कोरिअट नावाचा एक इंग्रज प्रवासी दिल्लीला आला. त्याने खांब बघितला आणि ठोकून दिलं की ही ग्रीक अक्षरं आहेत, सिकंदराने पोरसावर मिळवलेल्या विजयाचा हा खांब आहे. त्याला खोडून काढणार तरी कोण?

म्हणजे वस्तू अगदी सुरक्षित होती. बादशहाच्या देखरेखीखाली, राजधानीत, उंचावर. त्याहून जास्त "जतन" ते काय करणार? पण त्याचा उपयोग काहीच नव्हता. कपाटाच्या तळाशी फ्लॉपीवर पडलेली वर्डस्टारची फाइल जितकी सुरक्षित असते, तितकाच तो खांब सुरक्षित होता.

तीस साहेब आणि एक न्यायाधीश

१५ जानेवारी १७८४. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टातल्या ग्रँड ज्युरीच्या खोलीत तीसेक युरोपियन मंडळी जमली. बोलावणारा होता सर विल्यम जोन्स, कोर्टाचा न्यायाधीश, काही महिन्यांपूर्वीच भारतात आलेला. आशियाच्या हद्दीत माणसाने जे केलं आणि निसर्गाने जे घडवलं, ते सगळं आपल्या अभ्यासाचा विषय, असं त्याने जाहीर केलं. इतिहास, भाषा, गणित, वनस्पती, औषधं, खगोल, संगीत... सगळं! प्रोजेक्ट मॅनेजर असता तर स्कोप बघूनच त्याने राजीनामा दिला असता :-)

आता हे सगळं ज्ञानाच्या निर्मळ प्रेमापोटी चाललं होतं असं समजायचं कारण नाही. कंपनी सरकारला राज्य चालवायचं होतं. कोर्टात हिंदूंचे आणि मुसलमानांचे कायदे लावायचे तर ते आधी कळायला हवे होते. पंडित सांगतील त्यावर विसंबून राहायची जोन्सची तयारी नव्हती, म्हणून तो स्वतः संस्कृत शिकायला बसला. शिकता शिकता मात्र तो त्यात पुरता बुडाला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी असाव्यात हे त्याने १७८६च्या भाषणात मांडलं, आणि ग्रीक लेखकांचा 'सँड्रोकोटस' म्हणजे आपला चंद्रगुप्त मौर्य हे १७९३च्या भाषणात. हा दुसरा शोध तसा छोटा वाटतो, पण भारताच्या प्राचीन इतिहासाला घड्याळ लागलं ते तिथे. ग्रीकांच्या तारखा माहीत होत्या, त्यामुळे चंद्रगुप्ताचा काळ कळला, आणि पुढेमागे सगळ्यांचाच काळ मोजता येऊ लागला.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. भारताचा अभ्यास करणाऱ्या या सोसायटीत भारतीय सभासद एकही नव्हता. पहिली पंचेचाळीस वर्षं! १८२९ मध्ये द्वारकानाथ टागोर, प्रसन्नकुमार टागोर, रामकमल सेन अशा मोजक्या मंडळींना प्रवेश मिळाला. त्याआधी पंडित आणि मौलवी काम करत होते, शिकवत होते, पोथ्या लावून देत होते, पण सभासद म्हणून नाही. आजच्या भाषेत, कोड सगळा त्यांचा, कमिट दुसऱ्याच्या नावावर.

टाकसाळीतला माणूस

जेम्स प्रिन्सेप १८१९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, कलकत्त्याच्या टाकसाळीत नोकरीला लागला. हुद्दा : असे मास्तर, म्हणजे नाण्यातलं सोनं-चांदी किती खरं हे तपासणारा. म्हणजे हा संस्कृतचा पंडित नव्हे, भट्टी आणि तराजूवाला माणूस. पुढे दहा वर्षं काशीला होता. तिथे त्याने टाकसाळ चालवली, शहराचा नकाशा केला, सांडपाण्याचा बोगदा बांधला, कर्मनाशा नदीवर पूल बांधला. आपण सोन्याचा भाव अजून तोळ्यावर बोलतो ना, तो तोळा १८० ग्रेनवर पक्का करण्यात आणि १८३५चा सगळीकडे चालणारा एकसारखा रुपया आणण्यात याचा हात होता.

१८३२ मध्ये तो एशियाटिक सोसायटीचा सेक्रेटरी झाला. आणि त्याने जे सगळ्यात महत्त्वाचं काम केलं ते ब्राह्मी वाचणं नव्हे. त्याच्याही आधी त्याने एक मासिक चालू केलं.

सोसायटीचे जाडजूड ग्रंथ आधीपासून निघत होते, पण दोन खंडांमध्ये वर्षं उलटत. प्रिन्सेपचं जर्नल दर महिन्याला निघायचं. कुणीही पत्र पाठवा, नाण्याचं चित्र पाठवा, शिलालेखाचा ठसा पाठवा, हाड पाठवा, पावसाचे आकडे पाठवा. महिन्याभरात छापून येणार आणि कलकत्ता, मुंबई, काठमांडू, कोलंबो, लंडन, पॅरिसला पोचणार. चित्रांच्या प्लेट बऱ्याचदा तो स्वतः कोरायचा.

यात खरी गोम अशी, की तो *न सुटलेल्या* गोष्टी छापायचा. "हा लेख आम्हाला वाचता येत नाही, हा घ्या, तुम्ही बघा." अभ्यासकाला ही गोष्ट फार जड जाते. आपल्याला वाचता येईस्तोवर ठसा टेबलाच्या खणात ठेवायचा आणि मग स्वतःच्या नावाने जाहीर करायचा, हा सगळ्यांचा स्वभाव. प्रिन्सेपने तो खण उघडाच ठेवला.

पंख्यावरचं "सप्रेम भेट"

मग चमत्कार व्हायला लागले. चमत्कार म्हणजे कुणा एकाच्या डोक्यात वीज चमकली असं नव्हे, तर वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे एका टेबलावर यायला लागले.

अलाहाबादच्या खांबाचे ठसे एका लष्करी इंजिनिअरने घेतले. त्या खांबावर तीन काळांतली अक्षरं होती : वर जहांगीराची फारसी, मग गुप्तकाळातली, आणि सगळ्यात जुनी ती काड्यांच्या माणसांसारखी दिसणारी. गुप्तकाळातली लिपी तोवर कशीबशी वाचता येऊ लागली होती. सगळ्यात जुनी मात्र ठप्प. प्रिन्सेपने तिच्यातलं एकेक अक्षर मोजायला घेतलं. कुठलं कितीदा येतं, त्याला कुठून कुठून रेघ जोडलेली असते. तक्ता केल्यावर दिसलं की प्रत्येक अक्षराला ठराविक पाचेक प्रकारच्या खुणा लागतात. म्हणजे काना, वेलांटी, मात्रा! ग्रीक वगैरे काही नाही, ही आपल्याच घरातली लिपी आहे हे तिथे निश्चित झालं.

मग नेपाळचा रेसिडेंट ब्रायन हॉजसन याने बिहारमधल्या एका खांबाची नक्कल पाठवली. प्रिन्सेपने ती दिल्ली आणि अलाहाबादच्या नकलांशेजारी ठेवली. तिन्हीकडे मजकूर एकच! म्हणजे एका ठिकाणी अक्षर झिजलं असेल तर दुसऱ्या ठिकाणी बघता येत होतं. अशोकाने बावीसशे वर्षांपूर्वी केलेलं रिप्लिकेशन कामाला आलं ते असं.

आपल्याकडूनही भर पडली. मुंबई इलाख्यातला पाद्री जॉन स्टीव्हन्सन, ज्याने मराठीचं व्याकरण लिहिलं, त्याने कार्ल्याच्या लेण्यांतल्या लेखांवर १८३४ मध्ये याच जर्नलमध्ये लिहिलं आणि काही अक्षरं लावून बघितली. १८३६ मध्ये ख्रिश्चन लासेन या जर्मनीतल्या विद्वानाने एका नाण्यावरून आणखी काही अक्षरं लावली. नाण्याच्या एका बाजूला ग्रीकमध्ये अगॅथोक्लीस राजाचं नाव होतं आणि दुसऱ्या बाजूला तेच नाव या अनोळखी लिपीत.

आणि मग १८३७. कॅप्टन एडवर्ड स्मिथने सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख उतरवून पाठवले. एकेक ओळीचे, खूप सगळे. प्रिन्सेप ते छापण्यासाठी मांडत बसला होता आणि त्याच्या लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतोय. आता एवढ्या छोट्या ओळी, दरवेळी वेगळ्या, आणि शेवट तोच. देवळाच्या कठड्यावर असं काय असेल?

तुम्ही कुठल्याही गावच्या देवळात गेलात तर उत्तर डोक्यावर फिरत असतं. पंख्याच्या पात्यावर लिहिलेलं असतं ना, "अमुक तमुक यांजकडून सप्रेम भेट"? फरशीवर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ"? तेच! ती दोन अक्षरं म्हणजे 'दानं'. 'द' मिळाला, 'न' मिळाला, अनुस्वार मिळाला. त्याच्या आधी पुन्हा पुन्हा येणारं अक्षर म्हणजे षष्ठीचा 'स', म्हणजे आपलं "चं". अमुकचं दान. बाकीची अक्षरं मग भराभर सुटत गेली, आणि काही आठवड्यांत प्रिन्सेप दिल्लीचा खांब वाचत होता. फिरोजशाहने जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर पाचशे वर्षांनी मिळालं.

आणि ते उत्तर कुणाला, तर स्तूपासाठी दान देणाऱ्या साध्या माणसांमुळे मिळालं. राजाच्या फर्मानाची किल्ली त्या छोट्या देणगीदारांच्या हातात होती. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो.

वाचलं तर खरं, पण बोलणारा कोण? लेखात नाव होतं "देवानंपिय पियदसि", देवांचा लाडका प्रियदर्शी. आता हा कोण? प्रिन्सेपला आधी वाटलं, श्रीलंकेचा कुणी राजा असेल. मग श्रीलंकेहूनच जॉर्ज टर्नर याने कळवलं, इथल्या पाली ग्रंथात पियदस्सी हे चंद्रगुप्ताच्या नातवाचं, अशोकाचं नाव आहे. पुढच्याच वर्षी गिरनारचे लेख आले. ते मिळवणारा होता मुंबईचा डॉ. जॉन विल्सन (होय, चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजवाला). तो १८३५ मध्ये गिरनारला गेला होता, आणि त्याच्या सांगण्यावरून कॅप्टन लँगने कापडावर त्या शिळेचे ठसे घेतले होते. त्यात प्रिन्सेपला अंतियोक आणि तुरमाय ही नावं सापडली. अँटिओकस आणि टॉलेमी! ग्रीक राजांच्या तारखा माहीत, म्हणजे अशोकाचाही काळ पक्का. जोन्सने लावलेलं घड्याळ बरोबर चाललं होतं.

('अशोक' हे नाव प्रत्यक्ष दगडावर सापडायला मात्र १९१५ उजाडलं. कर्नाटकातल्या मस्की गावी, सोन्याच्या खाणींसाठी फिरणाऱ्या एका इंजिनिअरला.)

आता मोजा. लष्करी इंजिनिअर, रेसिडेंट, दोन पाद्री, जर्मनीतला प्राध्यापक, सांचीचा कॅप्टन, श्रीलंकेतला नोकरदार. आणि प्रिन्सेपच्या शेजारी बसून संस्कृतचा अर्थ लावून देणारे पंडित कमलाकांत विद्यालंकार, पालीसाठी श्रीलंकेचे रत्नपाल. परीक्षेतलं दोन मार्कांचं उत्तर एका नावात संपतं, पण तुकडा प्रत्येकाकडे होता आणि ते तुकडे एकत्र यायला जागा होती, म्हणून जमलं.

प्रिन्सेपला मात्र हे झेपलं नाही. दिवसा टाकसाळ, रात्री जर्नल. १८३८च्या शेवटी त्याची प्रकृती साफ ढासळली, त्याला जहाजावर चढवून लंडनला नेलं आणि १८४० मध्ये तो गेला. वय ४०. हे वाचून शनिवारी ऑफिसला जाणाऱ्यांनी काय तो बोध घ्यावा.

रद्दी व्हायला निघालेलं महाभारत

हे सगळं सुरळीत चाललं होतं असं वाटत असेल तर थांबा. नेमक्या याच वर्षांत सोसायटीवर संकट आलं होतं.

१८३५चं मेकॉलेचं टिपण आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यातला शिक्षणाचा भाग प्रसिद्ध आहे, पण त्यात पुस्तकांचाही हिशोब होता. तीन वर्षांत संस्कृत-अरबी पुस्तकं छापण्यावर साठेक हजार रुपये खर्च झाले, गिऱ्हाईक कुणी नाही, २३ हजार प्रती अडगळीत पडून आहेत, असा त्याचा युक्तिवाद. त्याच मार्चमध्ये बेंटिंकने हुकूम काढला : यापुढे पैसा इंग्रजी शिक्षणाला. छपाई बंद.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. त्यावेळी छापखान्यात महाभारत अर्धवट छापून पडलं होतं. राजतरंगिणी होती. सुश्रुतसंहिता होती, जिचं संपादन करत होते मधुसूदन गुप्त, ज्यांचं नाव पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या नव्या मेडिकल कॉलेजातल्या शवविच्छेदनाशी कायमचं जोडलं गेलं. फारसी-अरबी ग्रंथ होते. आणि हुकमामुळे हे सगळे अर्धवट छापलेले कागद रद्दी ठरणार होते.

मेकॉलेचा हिशोब आकड्यांत चुकीचा नव्हता. विक्री खरंच होत नव्हती. आपल्या कंपन्यांतही प्रोजेक्ट असेच बंद होतात : युजर किती? शून्य? मग बंद करा. पण महाभारताच्या पहिल्या छापील प्रतीला "या तिमाहीत किती खप?" हा प्रश्न विचारणंच चुकीचं होतं. तिचे वाचक अजून जन्माला यायचे होते.

प्रिन्सेप सेक्रेटरी होता. सोसायटीने सरकारला निषेध कळवला, आणि निषेधावर न थांबता ते अर्धवट ग्रंथ पुरे करायचं काम अंगावर घेतलं. वर्गणी गोळा केली, ग्राहक शोधले. १८३९ पर्यंत महाभारताचे चारही खंड छापून झाले. संपूर्ण महाभारताची ही पहिली छापील आवृत्ती. पुढे पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून, १२५९ हस्तलिखितं तपासून चिकित्सित आवृत्ती केली, त्या रस्त्यावरचा हा पहिला दगड.

न वाचलेलं पत्र

जपलं, छापलं, वाटलं की झालं का? नाही. याच सोसायटीच्या जर्नलातली दुसरी गोष्ट ऐका. ही विज्ञानाची आहे.

हेन्री पिडिंग्टन हा मूळचा जहाजावरचा कप्तान. समुद्र सोडून कलकत्त्यात स्थायिक झालेला, सोसायटीशी जोडलेला. १८३९ पासून त्याने बंगालच्या उपसागरातल्या वादळांवर जर्नलमध्ये एकामागून एक लेख लिहिले. पद्धत अशी : वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवायच्या. अमुक दिवशी, अमुक वाजता, जहाज इथे, वारा या दिशेचा, वायुभारमापक इतका. दहा-बारा जहाजांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की दिसायचं, वारा सरळ वाहतच नाही, तो गोल फिरतो. इथेही पद्धत तीच. प्रत्येक कप्तानाला फक्त आपल्यापुरतं वादळ दिसलं होतं. सगळ्यांच्या वह्या एकत्र ठेवल्यावर वादळाचा आकार दिसला.

१८४८च्या पुस्तकात त्याने या वादळाला नवं नाव दिलं, ग्रीक शब्दावरून, वेटोळं घातलेल्या सापासारखं : 'सायक्लोन'. आज जगभरातल्या बातम्यांत येणारा हा शब्द कलकत्त्यात जन्मलेला आहे. आपलं 'चक्रीवादळ' अर्थाने तेच. त्या पुस्तकाबरोबर पारदर्शक शिंगाच्या चकत्या असायच्या, वाऱ्याचे बाण छापलेल्या. कप्तानाने चकती नकाशावर ठेवायची, वाऱ्याची दिशा जुळवायची, आणि वादळाचा मध्य कुठे आहे ते बघून उलट दिशेला पळायचं. विज्ञान इतकं सोपं करून कप्तानाच्या हातात दिलं होतं.

त्याच सुमारास सरकारला चिंता होती की हुगळी गाळाने भरत चालली आहे. म्हणून सुंदरबनाच्या तोंडाशी, मातला नदीवर नवं बंदर करायचं ठरत होतं. पिडिंग्टनने १८५३ मध्ये थेट गव्हर्नर जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहिलं. सांगितलं की इथे बंदर करू नका, चक्रीवादळाबरोबर समुद्राची लाट आत शिरेल आणि सगळं बुडवेल. पत्र छापलं गेलं. आणि बंदर बांधलं गेलं. पोर्ट कॅनिंग. जेट्टी आल्या, रेल्वे आली.

पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. १८६७च्या १ नोव्हेंबरला चक्रीवादळ आलं, लाट आत शिरली, बंदर उद्ध्वस्त झालं. काही वर्षांत ते सोडूनच दिलं. आज कॅनिंग हे लोकलचं शेवटचं स्टेशन आहे, सुंदरबनला जाणारे तिथे उतरतात.

फिरोजशाहचा खांब वाचता येत नव्हता. पिडिंग्टनचं पत्र स्वच्छ इंग्रजीत होतं, सत्तेवरच्या लोकांच्या मातृभाषेत. तेही न वाचल्यासारखंच झालं. लिपी कळणं ही वाचण्याची फक्त पहिली पायरी आहे. १८६४ मध्ये कलकत्त्यालाच चक्रीवादळाने झोडपलं होतं, नंतर दुष्काळ पडले, आणि अखेर १८७५ मध्ये सरकारने हवामान खातं काढलं. आज किनाऱ्यावरच्या माणसाला वादळाची सूचना मोबाइलवर मिळते, त्या साखळीच्या सुरुवातीला जहाजांच्या वह्या गोळा करणारा हा म्हातारा कप्तान आहे.

आपल्या घरातला खांब

पुढे सोसायटीचं बरंच काही बाहेर गेलं आणि बाहेर वाढलं. १८१४ मध्ये नॅथॅनिएल वॉलिकच्या पुढाकाराने सुरू झालेलं तिचं संग्रहालय १८६६च्या कायद्याने सरकारच्या इंडियन म्युझियमकडे गेलं. १८४६ मध्ये ग्रंथपाल म्हणून रुजू झालेले राजेंद्रलाल मित्र १८८५ मध्ये सोसायटीचे अध्यक्ष झाले, पहिले भारतीय अध्यक्ष. स्थापनेनंतर एकशे एक वर्षांनी! १९१४ मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचं पहिलं अधिवेशन सोसायटीच्याच वास्तूत भरलं. १९८४ मध्ये, दोनशे वर्षं झाल्यावर, संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं.

हे सगळं छान आहे. पण ब्राह्मीची गोष्ट वाचून "बिचारे फिरोजशाहचे पंडित" म्हणणाऱ्या आपल्यालाच एक प्रश्न विचारावासा वाटतो. मोडी वाचता येणारे किती जण तुमच्या ओळखीत आहेत?

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. कोट्यवधी कागद. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्यातले निवडक छापले, त्याचे ४५ खंड झाले, आणि ती नुसती निवड होती. राजवाड्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तिथेही लाखो कागद. जमिनीचे वाद, सावकाराचे हिशोब, पाटलांच्या तक्रारी, दुष्काळातल्या धान्याचे भाव, कुणाच्या मुलीच्या लग्नाचा खर्च. सांचीच्या कठड्यावरच्या देणगीदारांसारखी साधी माणसं त्यात भरलेली आहेत. आपल्या पणजोबांना हे सहज वाचता यायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी चांगली वापरात होती. मग छपाईला, टाइपरायटरला देवनागरी सोयीची म्हणून ती मागे पडली. ब्राह्मी विसरायला आपल्याला काही शतकं लागली. मोडी आपण दोन-तीन पिढ्यांत विसरलो.

आपल्या धंद्यातल्या लोकांना वाटतं, स्कॅन करून सर्व्हरवर टाकलं की झालं. स्कॅनिंग हवंच, त्याबद्दल वाद नाही. ब्राह्मी २०१० मध्ये युनिकोडमध्ये आली, मोडी २०१४ मध्ये. म्हणजे आता अक्षरांना नंबर आहेत, फाँट आहेत. पण स्कॅन हा फिरोजशाहचा गाडा आहे. तो खांब सुरक्षित दिल्लीला आणतो. खांबावर काय लिहिलंय हे गाडा सांगत नाही. आणि उद्या संगणकाने मोडी वाचावी असं म्हटलं, तरी त्याला शिकवायला आधी हजारो कागद माणसांनीच वाचून द्यावे लागतात. शिवाय त्याने चूक वाचलं तर "हे चूक आहे" म्हणणारं कुणीतरी लागतं. कोरिअटला खोडून काढणारं कुणी नव्हतं, हे विसरू नका.

सोपी गोष्ट एवढीच, की मोडीचे वर्ग चालतात. मुळाक्षरं आठवड्या-दोन आठवड्यांत बसतात. पेशवाईतलं घाईचं, लपेटेदार हस्ताक्षर सफाईने वाचायला मात्र वर्षभराचा सराव लागतो. आपल्यापैकी कित्येक जण नवीन प्रोग्रामिंग लँग्वेज याहून कमी कारणासाठी शिकतात, आणि ती पाच वर्षांत कालबाह्यही होते. एखाद्याच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत अजून मोडी कागद असतील. ते टाकून देऊ नका, फोटो काढा, दुसऱ्याला पाठवा, वाचता येत नसेल तर "वाचता येत नाही" असं लिहून पाठवा. प्रिन्सेपने तेच केलं होतं.

असो. बराच लांबलं. काळ्या दगडावरची रेघ पक्की असते हे खरं, पण ती वाचणारं कुणी असेल तोवरच.